वाड्याचा अडसर

कोल्हापुरांतील एखादा जुना वाडा पाडावयास काढला म्हणजे प्रथम त्याच्या दाराला गिऱ्हाईक येतें. गणेशपट्टी, कमळें, वेलबुट्टी यांची किंमत ठरते आणि चौकटीसह कवाडें गाडीवर चढतात. कवाडांमागच्या साध्या चौरस लांकडी दांड्यास मात्र कोणी विचारीत नाहीं. तो बहुधा बंबांत जातो. वास्तविक रात्रीं घराचें रक्षण करी तो हा दांडाच. यालाच अडसर किंवा अडणा म्हणतात.

त्याची रचना श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावी. दाराच्या आंतल्या बाजूस, दोन्हीकडील भिंतींत, समोरासमोर दोन भोंकें ठेविलेलीं असतात. एक वीतभर खोल. दुसरें जवळजवळ दांड्याच्या लांबीइतकें. दिवसा दांडा या खोल भोंकांत दडलेला असतो. रात्रीं तो ओढून दोन्ही कवाडांवर आडवा घ्यावयाचा आणि त्याचें टोंक समोरच्या भोंकांत बसवावयाचें. बाहेरून धक्का बसला कीं कवाडें दांड्यावर रेलतात व दांडा तो सारा जोर भिंतींवर टाकतो. कडी उपटेल, कोयंडा निखळेल, पण दोन हात रुंदीची भिंत कोण हलविणार? किल्ल्यांच्या दरवाजांतहि हीच युक्ति असे. तेथें दांड्याच्या जागीं अखंड तुळई येई, एवढेंच. पुण्याच्या १७३२ सालच्या शनिवारवाड्यास हत्तीनें धडक देऊं नये म्हणून दिल्ली दरवाजावर बाहेरून अणकुचीदार खिळे आहेत, आणि रोजच्या जाण्यायेण्यासाठीं त्यांतच लहानशी दिंडी आहे.

अडसरांत एक उणीव आहे. तो आंतूनच लागतो. म्हणजे घरांत कोणीतरी असलेंच पाहिजे. एकत्र कुटुंबाच्या वाड्यांत ही अडचण कधीं भासली नाहीं. उशिरां येणाऱ्यानें हांक मारावी, आंतून कोणी दिवा घेऊन यावें; गृहस्थ किती रात्रीं परतले हें साऱ्या घरास आपोआप कळे!

घर बंद करून सर्वांनाच बाहेर जातां यावें, ही सोय पश्चिम आफ्रिकेंतील माली देशाच्या बामाना लोकांनीं लांकडांतच साधली. त्यांच्या कुलुपांत उभ्या ठोकळ्यांतून आडवा दांडा सरकतो. ठोकळ्यांतील खिट्ट्या स्वतःच्या भारानें दांड्याच्या खांचांत पडतात आणि दांडा अडकतो. दांते असलेली किल्ली घालून खिट्ट्या उचलल्या कीं तो सुटतो. प्राचीन मिसर देशांतहि असेंच लांकडी कुलूप होतें. आणि अमेरिकेंतील लायनस येल यानें १८६१ सालीं ज्या चपट्या किल्लीच्या कुलुपाचें पेटंट घेतलें, त्याचें तत्त्वहि तेंच. आज शहरांतल्या पुष्कळशा दारांना त्याचेच वंशज आहेत. बामानांचा ठोकळा मनुष्य, सुसर किंवा कासव अशा आकारांत कोरलेला असतो, आणि तो कोरतो लोहार! तेथें लोखंड आणि लांकूड दोन्ही त्याच्याच हातीं. आपल्याकडे अडसर सुताराचा, कडी लोहाराची.

बामानांचें कुलूप दारावरून उतरवून संग्रहालयांत मांडतां येतें, आणि तसें तें मांडलेंहि गेलें आहे. अडसराचें तसें नाहीं. त्याचा निम्मा भाग भिंत आहे. भिंत पडली कीं उरतो तो नुसता दांडा, आणि त्याचा उपयोग काय हें नातवंडांना सांगून पटत नाहीं. म्हणून वाडा पाडणाऱ्यानें निदान त्या दोन भोंकांची उंची व खोली आधीं टिपून घ्यावी, त्यांचें एखादें छायाचित्र घ्यावें, आणि दांडा बंबाकडे न नेतां दाराबरोबरच गाडीवर चढवावा.