पांढऱ्या फुलाचं विष आणि आपल्या घरचे मुके जीव

एड्रियाटिक समुद्राच्या काठी, आजच्या क्रोएशियातल्या डाल्मेशिया नावाच्या खडकाळ पट्ट्यात शेवंतीच्या कुळातलं एक साधंसं फूल उगवतं. पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळा गोंडा. हे फूल वाळवून दळलं की त्या पुडीनं पिसवा, ढेकूण आणि डास तडफडून पडतात. या वनस्पतीचं आणि तिच्या पुडीचं नाव पायरेथ्रम. विष पाकळ्यांत जवळजवळ नसतंच. ते साठतं गोंड्यात धरणाऱ्या बारीक बियांत. डास पळवणारी कॉइल, प्लगमध्ये खोचायची बाटली, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांसाठी ओढायचा खडू, गोठ्यात गोचिडांवर मारायचं औषध, कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब यांपैकी बऱ्याच वस्तूंची वंशावळ या एका फुलापाशी जाऊन पोचते.

१८८५च्या सुमारास या फुलाचं बी अमेरिकेतून जपानमध्ये एइचिरो उएयामा या व्यापाऱ्याच्या हाती आलं. त्यानं फुलाची पूड मिसळून उदबत्ती बनवली. पण ती तासाभराच्या आतच विझे आणि रात्र तशीच उरे. बत्तीला वेटोळं घालून लांबवण्याची कल्पना त्याची पत्नी युकी हिची, असं सांगतात. १९०२मध्ये ही कॉइल बाजारात आली आणि रात्रभर जळू लागली. पुढे केनिया या फुलाच्या शेतीचं मोठं केंद्र बनला. आपल्याकडे काश्मीर आणि निलगिरीतही त्याची लागवड झाली.

फुलातल्या मूळ विषाला एक मोठी मर्यादा होती. ऊन लागलं की ते काही तासांत निकामी होई. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना समजून घेऊन तसेच रेणू, म्हणजे पायरेथ्रॉइड, प्रयोगशाळेत बनवायला सुरुवात केली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३मध्ये परमेथ्रिन जगापुढे आणलं आणि पाठोपाठ डेल्टामेथ्रिन. हे रेणू उन्हात टिकतात. शेतकऱ्याला हवा होता तो गुण हाच. घरातल्या जनावरांच्या दृष्टीनं मात्र धोका इथेच वाढला, कारण फुलाची पूड दुसऱ्या दिवशी निरुपद्रवी व्हायची, पण फरशीवर किंवा गोठ्याच्या भिंतीवर पडलेला हा नवा थर कित्येक दिवस काम करत राहतो.

हे विष शरीरात नेमकं काय करतं? मज्जातंतूच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म दारं असतात. संदेश जाताना ती उघडतात आणि क्षणाच्याही सूक्ष्म भागात मिटतात. पायरेथ्रॉइडचा रेणू त्या दारात पाचरीसारखा अडकतो. दार मिटत नाही, तंतू संदेश सोडतच राहतो. जीव आधी थरथरतो, मग आचके देतो आणि शेवटी लुळा पडतो. माणसाच्या मज्जातंतूंतही अशीच दारं आहेत. तरीही सस्तन प्राण्यांच्या तुलनेत कीटकांना हे विष सुमारे दोन हजार पटींहून अधिक बाधतं. कारणं तीन: कीटकाचं शरीर इवलंसं, त्याच्या तंतूंची दारं या रेणूला जास्त बळी पडणारी, आणि आपलं यकृत हा रेणू भराभर तोडून बाहेर टाकणारं. म्हणूनच खरजेवर डॉक्टर ५ टक्के परमेथ्रिनचं मलम लहान मुलांच्या अंगालाही लावायला सांगू शकतात.

आता मांजराकडे वळू, कारण या साऱ्या कथेतलं सर्वांत विलक्षण आणि सर्वांत दुःखद प्रकरण तिचं आहे.

आपलं यकृत अनेक विषांना ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन ती पाण्यात विरघळण्याजोगी करतं, म्हणजे ती लघवीवाटे निघून जातात. हे काम करणाऱ्या एका महत्त्वाच्या एन्झाइमचं जनुक मांजरात मोडकं आहे. ते फक्त घरच्या मांजरात मोडकं नाही, चित्ता आणि सिंहासह मार्जारकुळातच मोडकं आहे. वनस्पती खाणाऱ्या प्राण्याला पानांतली विषं रोज पचवावी लागतात. या कुळाचे पूर्वज निव्वळ मांसावर जगत आले. जे लागत नव्हतं ते उत्क्रांतीच्या ओघात राखलं गेलं नाही, असं शास्त्रज्ञ मानतात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते तीही याच कमतरतेपायी.

परमेथ्रिनच्या बाबतीतही हेच घडतं. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांसाठी मिळणाऱ्या काही थेंबांत परमेथ्रिनचं प्रमाण ४५ टक्क्यांहून अधिक असतं. कुत्रा ते सहज सोसतो. त्यातले मोजके थेंब मांजराच्या मानेवर पडले की काही तासांत लक्षणं दिसू लागतात. आधी कानाची टोकं आणि मिशांजवळची कातडी फडफडते. मग पाण्यात पाय पडल्यासारखी ती पंजे झटकते. लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंगभर कंप सुटतो आणि पुढे झटके येतात. घरात कुत्रा आणि मांजर दोघं असतील तर मांजराला थेट औषध लावायचीही गरज नसते. ती कुत्र्याच्या कुशीत झोपते, त्याचं अंग चाटते, एवढं पुरतं. कुत्र्याला असं औषध लावल्यावर दोन-तीन दिवस दोघांना वेगळं ठेवणं हाच खरा उपाय. आणि त्याहून चांगलं म्हणजे अशा घरासाठी परमेथ्रिन नसलेलं औषध डॉक्टरांकडून मागून घेणं.

अपघात झालाच तर अंग धुण्याच्या पाण्याच्या तपमानावर पुष्कळ अवलंबून असतं. थंडीत पायरेथ्रॉइडचा परिणाम वाढतो. गारठलेल्या शरीरात सोडियमची दारं आणखी वेळ उघडी राहतात आणि कंप बळावतो. थंड पाण्यानं धुणं म्हणूनच घातक. कढत पाणीही नको, त्यानं कातडीतलं रक्ताभिसरण वाढून विष अधिक शोषलं जातं. कोमट पाणी आणि भांडी घासायचं सौम्य साबण-द्रव घेऊन अंग धुवावं, कोरडं करावं, टॉवेलात उबदार गुंडाळून तडक पशुवैद्याकडे न्यावं. या विषावर नेमका उतारा नाही, पण स्नायूंचा ताठरपणा उतरवणारी औषधं आणि सलाइन वेळेत मिळालं तर पुष्कळ मांजरं वाचतात. घरात विषबाधेवर दूध किंवा तूप पाजण्याची सवय आहे, ती इथे सोडून द्यावी. हा रेणू स्निग्ध पदार्थात विरघळतो, आणि झटके येणाऱ्या जनावराच्या तोंडात काहीही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

माशांची गत मांजरापेक्षाही वाईट. लिटरभर पाण्यात एका ग्रॅमचे काही दशलक्षांश भाग परमेथ्रिन मिसळलं तरी मासे मरतात. शेल्फवर मत्स्यपेटी असलेल्या खोलीत स्प्रे मारला की पेटीचा हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. फवारणीआधी पेटी झाकावी, पंप बंद करावा आणि खोलीत मोकळी हवा खेळली की पुन्हा सुरू करावा. शेतात फवारणीचा पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर धुणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवायला हवं. मधमाश्यांनाही हे औषध तितकंच मारक. फुलोऱ्यातल्या पिकावर दिवसा फवारणी करणं म्हणजे शेजारच्या पेट्या रिकाम्या करणं.

कॉइलचा त्रास वेगळा आहे. तिच्यात कीटकनाशक अगदी थोडं, बाकी लाकडाचा भुसा आणि जळाऊ पूड. एका कॉइलच्या धुरातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. बंद खोलीत कॉइल लावून बाळाला किंवा पिंजऱ्यातल्या पोपटाला निजवू नये. पक्ष्यांची श्वसनसंस्था हवेतलं सगळं फार वेगानं शोषून घेते. मच्छरदाणी हा जुना उपाय मला आजही सर्वांत उत्तम वाटतो.

गोठ्यात गोष्ट आणखी गुंतागुंतीची. गोचिडाची मादी गाईचं रक्त पिऊन टम्म फुगली की खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांदीत दोन-तीन हजार अंडी घालते. नुसत्या गाईवर औषध मारून उपयोग नाही, भेगा बुजवायलाच हव्यात. आणि इथेच हात शेतातल्या बाटलीकडे जातो. जनावरांसाठीचं डेल्टामेथ्रिन साधारण १.२५ टक्क्यांचं येतं, पिकांसाठीचं २.८ टक्क्यांचं. नाव एकच, ताकद दुपटीहून जास्त, शिवाय त्यातले द्रावकही कातडीसाठी बनवलेले नसतात. पिकाचं औषध गाईच्या अंगावर कधीच नको. औषध लावण्याआधी जनावरांना पोटभर पाणी पाजावं, म्हणजे तहानेनं ती ओलं अंग चाटत नाहीत. गव्हाण झाकावी, अंगावरच्या जखमांना औषध लागू देऊ नये, ऊन चढण्याआधी काम उरकावं आणि अंग वाळेपर्यंत वासराला आईपाशी सोडू नये. दुधाबाबत लेबलवर जितके दिवस सांगितले असतील तितके पाळावेत.

दुसरी औषधंही अशीच जातीजातीत भेद करतात. गाईच्या गोचिडांवर चालणारं अमिट्राझ घोड्याच्या आतड्यांची हालचाल बंद पाडतं. आयव्हरमेक्टिनचा खरजेवरचा डोस कोली जातीच्या अनेक कुत्र्यांच्या मेंदूत शिरतो, कारण तो बाहेर रोखणारं जनुक त्यांच्यात बिघडलेलं असतं. ‘शेजाऱ्याच्या जनावराला लागू पडलं’ हा म्हणूनच पुरावा होत नाही. आणि ‘वनस्पतीजन्य आहे, काही होत नाही’ हाही होत नाही. पायरेथ्रम फुलातूनच आलेलं आहे.

बाटलीवरच्या खुणांमागे एक दुर्घटना आहे. १९५८मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडलेल्या गव्हाचं पीठ खाऊन शंभरावर माणसं दगावली. धान्य आणि विष एकाच जहाजातून आणलं गेलं होतं. त्या दुर्घटनेनंतर देशात कीटकनाशक कायद्याची पावलं पडू लागली आणि १९६८चा कायदा आला. बाटलीवरचा तिरका चौकोन त्याच व्यवस्थेचा. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असेल तर विष अत्यंत तीव्र, पिवळा असेल तर तीव्र, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर सौम्य. हा चौकोन आणि नोंदणी क्रमांक नसलेली पुडी किंवा अगरबत्ती कितीही स्वस्त असली तरी घरात आणू नका. औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका. मुंग्यांचा खडू मुलांच्या पाटीपासून आणि मांजराच्या वाटेपासून दूर राहू द्या. आणि कधी जनावराला घेऊन दवाखान्यात धावायची वेळ आलीच, तर औषधाची मूळ बाटली लेबलासकट बरोबर न्या. उपचार कोणता करायचा हे डॉक्टर त्यावरच्या नावावरून ठरवतात.