परदेशस्थ रुग्णांसाठी अनुपानाचे दूध

शतावरी कल्प, अश्वगंधा चूर्ण यांसारखी औषधे देताना आपण चिठ्ठीवर 'दुधासह' असे सहज लिहितो. रुग्ण यवतमाळ, वणी किंवा पुसद येथील असेल तर तेवढ्या एका शब्दाने काम भागते. परंतु आता आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांतील मुले-मुली अमेरिका, इंग्लंड, जर्मनी अथवा आखाती देशांत राहतात. लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेली आई शतावरी कल्पाचे डबे बरोबर नेते आणि चार दिवसांनी तिचा दूरध्वनी येतो : येथील दुधाला चव नाही, साय धरत नाही, लेकीला ते घोटवत नाही. ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. चवीअभावी सूतिका दूध घेणेच सोडते. क्वचित घरची मंडळी 'खरे दूध' शोधत एखाद्या गोठ्यावर पोहोचतात, आणि त्यात अधिक धोका आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात गोदुग्धाचे दहा गुण सांगितले आहेत. त्यांपैकी स्वादु, स्निग्ध आणि श्लक्ष्ण हे तीन जिभेवर सहज पारखता येतात. मात्र आपल्याकडील मंडळींना परदेशात ज्या चवीची आठवण येते ती बहुधा गोदुग्धाची नसतेच. विदर्भात नागपुरी म्हैस घरोघरी परिचित. त्यातून आपला जिल्हा कापसाचा, म्हणजे दुभत्या जनावरापुढे सरकीची ढेप. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ७ टक्के, आणि ढेपेमुळे लोणी घट्ट व तूप रवाळ. तिकडे दुकानात मिळते ते बहुतांशी होल्स्टीन जातीच्या गाईचे दूध. ते माहिष दुधाहून पातळ लागणारच. तो त्याचा दोष नव्हे. सूतिकेच्या अग्नीचा विचार करता मला तर ते अनेकदा इष्टच वाटते. माहिष दूध अधिक गुरु आहे, हे आपणच रुग्णांना सांगत असतो.

खरा घोटाळा होतो तो स्निग्धांशाच्या निवडीत. अमेरिकेत 'होल मिल्क'मध्ये किमान ३.२५ टक्के स्निग्धांश असतो. शेजारीच २ टक्के, १ टक्का आणि पूर्ण साय काढलेले 'स्किम' दूध मांडलेले असते. इंग्लंडमध्ये निळ्या झाकणाचे दूध पूर्ण, हिरव्याचे अर्धी साय काढलेले, तर लाल झाकणाचे जवळजवळ निःस्नेह. आरोग्याच्या समजुतीने लाल झाकण उचलायचे आणि स्निग्ध गुणाची अपेक्षा करायची, हे विसंगत आहे. ज्यांना घट्ट दूधच हवे त्यांनी जर्सी किंवा गर्न्सी गाईचे घ्यावे. त्याचा स्निग्धांश ५ टक्क्यांच्या आसपास असतो.

दुसरी बाब अग्निसंस्काराची. साध्या पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद तापवतात. त्याची चव बरीचशी टिकते. टिकाऊ दूध मात्र १३५ अंश किंवा त्याहून अधिक तापमानावर काही सेकंद नेतात. त्यास करपट, शिजल्यासारखा वास येतो. जर्मनीत अशा दुधावर 'एच-मिल्श' असे लिहिलेले असते, अमेरिकेत 'अल्ट्रा-पाश्चराइज्ड'. तेथील सेंद्रिय दूधही पुष्कळदा याच प्रकारचे असते. म्हणून जास्त किंमत म्हणजे चांगली चव असे समीकरण मांडू नये. काही वैद्यमित्र या दुधाला अतिशृत म्हणतात. मला ते पटत नाही. अतिशृत म्हणजे आटून घट्ट झालेले. येथे आटणे नाही, क्षणभराचा तीव्र ताप आहे. आखातात पुष्कळदा भुकटीपासून पुन्हा तयार केलेले दूध मिळते; वेष्टनावर तसा उल्लेख असतो, तो वाचूनच ताजे दूध निवडावे.

साय न धरण्याचे कारण वेगळे आहे. दाबाखाली स्निग्धकण बारीक फोडल्यामुळे ते वर येत नाहीत. स्निग्धांश आतच राहतो. साय हवीच असेल तर 'नॉन-होमोजिनाइज्ड' असे लिहिलेले दूध पाहावे.

आता गोठ्यावरील निरशा दुधाविषयी. वाग्भटाने धारोष्ण दुधाची थोरवी सांगितली, हे खरे. पण त्याच ठिकाणी निरसे दूध गुरु व अभिष्यंदी, आणि युक्तीने तापवलेले त्याच्या उलट, असेही म्हटले आहे. शीतपेटीतून विकत आणलेले दूध धारोष्ण नव्हे. त्यातून ब्रुसेला, लिस्टेरिया, विशिष्ट ई. कोलाय यांचा संसर्ग संभवतो, आणि गर्भिणी व बालक यांस तो अधिक घातक. अमेरिकेत २०२४ साली दुभत्या गाईंमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू आढळला, तेव्हा निरशा दुधाविषयीची सावधगिरी अधिकच आवश्यक ठरली. जर्मनीत गोठ्यावर असे दूध विकताना ते उकळून घेण्याची सूचना लावावी लागते. आपल्या आयांची उतू येईपर्यंत तापवण्याची सवय येथे तंतोतंत उपयोगी पडते.

पाश्चरीकृत दूध सुंठीचा लहान तुकडा घालून, दुधाच्या चतुर्थांश पाणी मिसळून, ते पाणी आटेपर्यंत मंद आचेवर तापवावे. चव सुधारते आणि पचनासही सुलभ होते. पारदर्शक बाटली दिव्याखाली राहिली तर उजेडाने दुधाची चव बिघडते, म्हणून अपारदर्शक वेष्टन पसंत करावे. लॅक्टोज-विरहित दूध अधिक गोड लागते. त्यात साखर घातलेली नसते, दुधातीलच शर्करा विघटित केलेली असते. ज्यांना दुधाने आध्मान होते त्यांस ते द्यावयास हरकत नाही. ओट किंवा बदामाचे पेय मात्र क्षीर नव्हे. तेच घेणाऱ्या रुग्णासाठी कोष्ण जल अथवा अन्य अनुपान योजून चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहावे.