जुन्या मोटारीतील स्टिअरिंगचा ‘प्ले’ : निदानाचा क्रम

जुन्या मोटारीचे स्टिअरिंग ‘सैल’ झाले आहे, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. परंतु या एका शब्दात दोन भिन्न दोष सामावलेले असतात. स्टिअरिंग व्हील थोडे फिरवूनही पुढची चाके वळत नाहीत, हा पहिला दोष. गॅरेजच्या भाषेत त्यास ‘प्ले’ म्हणतात. दुसऱ्यात प्ले नसूनही गाडी सरळ रस्त्यावर भरकटते. तेथे टायरमधील हवा, व्हील अलाइनमेंट व सस्पेन्शनचे बुश पाहावे लागतात. प्रस्तुत लेखात पहिल्या दोषाचा विचार केला आहे.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घेऊ. मुंबईत टॅक्सी म्हणून ती २०२३ मध्ये निवृत्त झाली, तरी हौशी मालकांनी ती जपली आहे. ॲम्बॅसडर व मारुती ८०० यांत रॅक-पिनियन यंत्रणा असे. पद्मिनीत मात्र वर्म असलेला स्टिअरिंग बॉक्स आणि तेथून चाकांपर्यंत दांडे व बॉल जॉइंट यांची साखळी असते. प्रत्येक सांध्याची अल्पशी झीज बेरजेने चालकाच्या हाती पोहोचते.

बॉक्सवरील ॲडजस्टिंग स्क्रू सहज हाती लागतो, म्हणून पहिला पाना तेथेच पडतो. प्रस्तुत लेखकाच्या गाडीबाबतही हेच घडले. स्क्रू आवळल्यावर दोन दिवस समाधान वाटले. पुढे वळण घेतल्यानंतर स्टिअरिंग सरळ होईना. घाटात हा अनुभव सुखद नव्हता! कारण उघड आहे. गाडी बहुतांश काळ सरळ धावत असल्याने वर्म मध्यभागी अधिक झिजतो. तेथील प्ले काढण्यासाठी स्क्रू आवळला, की कमी झिजलेल्या कडेच्या भागात तो जखडतो. माझ्या गाडीतील खरी झीज टाय रॉड एंडमध्ये होती.

म्हणून तपासणी चाकांकडून बॉक्सकडे करावी. चाके जमिनीवर असताना एकाने स्टिअरिंग हलकेच डावीउजवीकडे हलवावे, दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिराने हलते, तेथे झीज आहे. नंतर पुढचे चाक उचलून (केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावा) ते वर-खाली धरून हलवावे. ब्रेक दाबताच ते हलणे थांबले, तर दोष व्हील बेअरिंगचा. बाजूंनी धरल्यावरच हलत असेल, तर संशय दांड्यांच्या सांध्यांवर. हे सर्व निर्दोष ठरल्यावरच स्क्रूला हात लावावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ स्टिअरिंग व्हीलवर ३० अंशांपर्यंत प्ले चालवून घेतो. ४० सेंमी व्यासाच्या व्हीलवर हे सुमारे साडेदहा सेंमी होतात. माझ्या मते ही सवलत फारच सैल आहे. त्याच नियमातील बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात, ही अट मात्र मोलाची आहे. टोपी फाटली की धूळ व पाणी आत शिरते, ग्रीस निघून जाते आणि सांधा झिजू लागतो.