मंत्र्यांच्या वाटाघाटी आणि गावच्या पाण्याचा हिशेब

हवामान बदलावर देशोदेशीचे मंत्री चर्चेला बसले, अशी बातमी दरवर्षी पेपरात येते. 'आपल्याला त्याचं काय?' म्हणून आपण पान उलटतो. पण त्या चर्चेतला एक शब्द थेट आपल्या बांधावर येतो. तो शब्द म्हणजे अनुकूलन. साध्या भाषेत, बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे.

१९९७ च्या क्योटो कराराचा मुख्य भर श्रीमंत देशांनी धूर कमी करावा यावर होता. पुढे २००२ च्या ऑक्टोबरात ही परिषद नवी दिल्लीत भरली. तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री टी. आर. बालू अध्यक्ष होते. त्याच वर्षी जुलैत देशात सरासरीच्या जवळपास निम्माच पाऊस पडला होता. दिल्लीच्या घोषणापत्राने अनुकूलनालाही महत्त्वाचे स्थान दिले. विकसनशील देशांचे म्हणणे सरळ होते: धूर सोडणार एक, अन् झळ सोसणार दुसरा, हे कसं चालेल?

मग प्रश्न आला पैशाचा. श्रीमंत देशांनी २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे २००९ मध्ये कबूल केले. तो आकडा गाठला २०२२ साली. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले. यातला मोठा वाटा धूर कमी करण्याच्या कामांना जातो, जुळवून घेण्याला कमी. शिवाय बरीच रक्कम कर्जाच्या रूपात मिळते. म्हणजे फुकट काही नाही, आलेला पैसा सार्थकी लावायला हवा.

आपल्या राज्यातले उदाहरण घ्या. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झाला. विदर्भ-मराठवाड्यातील दुष्काळी गावे आणि पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा त्यात घेतला. त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे गावाच्या पाण्याचा ताळेबंद. आधी पाणी मोजा, मग पीक ठरवा.

हा हिशेब कोणत्याही गावाला जमतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. ६०० मिलिमीटर पडला तर साठ लाख लिटर. त्यातलं वाहून किती गेलं, मुरलं किती, हे पाहा. ठराविक विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात मोजून वहीत लिहा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे आकडे रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत वाचून दाखवावेत. पाणी कमी असेल तर उसाऐवजी हरभरा, ज्वारी, करडईचा विचार व्हावा. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घ्या. खंड पडला तर ओल टिकते, जादा पाऊस झाला तर सरीतून निघून जातो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे. बोअरचे पाणी उपसून तळ्यात साठवले तर उन्हाने त्याची वाफ होते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. फायदा एकाचा, झळ दुसऱ्याला. जो वाद देशादेशांत, तोच मग बांधाबांधावर. त्यांचा सुटायला वर्षे लागतील. आपला ग्रामसभेत एका बैठकीत सुटू शकतो.