माणसाची ‘ताकदीची गोळी’ कुत्र्याला देताय? आधी हे वाचा

शेतावर राखणीला असलेलं कुत्रं खंगलं, केस गळायला लागले, की घरात उरलेली ‘ताकदीची गोळी’ भाकरीच्या तुकड्यातून चारायची, हा उपाय बरेच जण करतात. हेतू चांगलाच असतो. पण ती गोळी मोठ्या माणसाच्या वजनाचा हिशोब धरून बनवलेली असते. आपलं गावठी कुत्रं भरतं जेमतेम १५ किलो, पिल्लू तर दोन-तीन किलो.

सर्वात जास्त धोका कशाचा?

व्हिटॅमिन डी : हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची पुडी ६०,००० युनिटची असते. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ४,००० युनिट पोटात गेले तरी विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला एकच पुडी भारी पडते. रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनी निकामी होऊ शकते.

लोहाच्या गोळ्या : गरोदर बायकांना मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. १० किलोच्या कुत्र्याने १० गोळ्यांचं पाकीट चावून खाल्लं तर जीवावर बेतू शकतं.

शुगर-फ्री गोळ्या : चघळायच्या काही गोळ्यांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. माणसाला तो चालतो, पण कुत्र्याची साखर झपाट्याने उतरते, झटके येतात.

लक्षणं ओळखा

उलट्या, रक्ताची हगवण, खाणं बंद, सारखी तहान, सारखी लघवी, सुस्ती. लोहाच्या विषबाधेत उलट्या थांबून कुत्रं काही तास बरं वाटतं. इथेच फसगत होते. नंतर लिव्हर खराब होऊन ते अचानक कोसळतं.

गोळी खाल्लीच तर?

लक्षणांची वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, त्यानेही विषबाधा होते. गोळीचं पाकीट सोबत घ्या आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. किती गोळ्या, किती वाजता खाल्ल्या आणि कुत्र्याचं अंदाजे वजन किती, हे डॉक्टरांना सांगा. दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री नंबरवर विचारा.

कुत्रं खंगण्यामागे बहुतेक वेळा जंत, गोचीड, खरूज नाहीतर अपुरं खाणं असतं. त्यावर व्हिटॅमिनची गोळी हा इलाज नाही. आधी डॉक्टरांना दाखवा, जंताचं औषध वेळेवर द्या. आणि घरातल्या गोळ्या कोनाड्यात उघड्यावर न ठेवता डब्यात बंद करून उंचावर ठेवा. त्याने लेकरंही वाचतील आणि कुत्रंही.