गुन्हेगारीपटांतील गरिबी आणि गावाकडचा प्रश्न

शहरी दारिद्र्यावर बेतलेल्या गुन्हेगारीपटांविषयी आपल्याकडे एकच आक्षेप वारंवार घेतला जातो. ते म्हणे तरुणांना बिघडवितात. हा आक्षेप वरवरचा आहे. चित्रपट पाहून पिस्तूल हाती घेणारे विरळाच. परंतु चित्रपट पाहून गरिबीविषयीची आपली समजूत घडविणारे आपण सारेच असतो. म्हणून या चित्रपटांत गुन्हा किती दिसतो यापेक्षा गरिबी कशी सांगितली जाते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. दरवर्षी हजारो माणसे पोटासाठी बाहेर पाठविणाऱ्या धाराशिव जिल्ह्याला तर तो विशेष जवळचा आहे.

या कथांचा साचा जुना आहे. १९३८ सालच्या ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’ या अमेरिकन चित्रपटात एकाच वस्तीत वाढलेल्या दोन मित्रांपैकी एक गुंड होतो, दुसरा धर्मगुरू. हॉलिवुडमध्ये १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या संहितेनुसार गुन्हेगाराची सरशी दाखविण्यास मज्जाव होता. नायकाचा अंत हा कलेचा निर्णय होण्याआधी नियमाचा निर्णय होता, तो असा. आपल्याकडील ‘दीवार’मध्ये (१९७५) मित्रांच्या जागी भाऊ आहेत, धर्मगुरूच्या जागी पोलीस अधिकारी आहे आणि दोघांच्या मध्ये आई उभी आहे. चित्रपट सुरूच होतो तो पोलीस झालेल्या मुलाच्या गौरवाने. म्हणजे निकाल आधी आणि कहाणी नंतर. ‘वास्तव’मध्ये (१९९९) पावभाजीच्या गाडीवरून गुन्हेगारीत ओढल्या गेलेल्या रघूला अखेर त्याची आईच गोळी घालते.

या साच्याचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याची किंमतही ओळखली पाहिजे. एकाच घरातील एक भाऊ सरळ आणि दुसरा वाकडा निघाला, असे दाखविले की दोष स्वभावाचा ठरतो आणि परिस्थिती निर्दोष सुटते. ‘दीवार’मधील पिता कामगारांचा पुढारी आहे, मालक त्याला कुटुंबाच्या जिवाची भीती घालून नमवितो. पण पुढे हा सामूहिक तंटा एका मुलाच्या हातावर गोंदलेल्या अपमानापुरता उरतो. अपमानाचा सूड घेता येतो, मजुरीच्या दराचा घेता येत नाही. शेवटी नायक मरतो आणि त्याच्याबरोबर प्रश्नही मिटतो. प्रेक्षक डोळे पुसून घरी जातो.

दुसरी उणीव कथेच्या आरंभाची. ‘सत्या’चा (१९९८) नायक मुंबईत येतो, तो कोठून व का आला, हे चित्रपट सांगत नाही. कथनाच्या दृष्टीने ही युक्ती प्रभावी आहे. मात्र आपल्या बाजूने पाहिले तर ‘कोठून’ हीच खरी कथा आहे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील कुटुंबे शहरांकडे लोटली. आजही भूम, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडीला टोळ्या जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोने मिळून एक कोयता व्हायचे, हंगामभर तोडणी करायची आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर न्यायची, हा व्यवहार आहे. यात गोळीबार नाही, पाठलाग नाही, उत्कर्षबिंदू नाही. म्हणूनच तो पडद्याच्या साच्यात बसत नाही आणि अन्याय असूनही ‘गुन्हा’ या नावाने ओळखला जात नाही.

मराठीत याला छेद देणारे प्रयत्न झाले आहेत. ‘लालबाग परळ’ने (२०१०) १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपात गुन्हेगारीचे मूळ शोधले. ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत वाट नेली. दोन्हींत कारण स्पष्ट आहे. तरी उत्तरार्धाचा ताबा हाणामारीने घेतला, हे मान्य करावे लागते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (२०१४) मात्र साचाच उलटा केला. गटारात मेलेल्या सफाई कामगाराच्या मृत्यूबद्दल येथे खटला चालतो तो एका लोकशाहीरावर. संरक्षक साधनांविना त्या कामगाराला खाली उतरविणारी व्यवस्था आरोपीच्या पिंजऱ्यात येतच नाही. एकही गोळी न झाडता खरा गुन्हा कोठे आहे, हे प्रेक्षकाला कळते.

पुण्यात खोली शोधणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील मुलाकडे घरमालक ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेत या चित्रपटांचा काही वाटा असतो. त्याहून चिंतेची बाब अशी की, तो मुलगाही स्वतःकडे त्याच नजरेने पाहू लागतो. आपल्यापुढे वर्दी किंवा पिस्तूल असे दोनच मार्ग आहेत, असे त्याला वाटू लागते. बंदी हा यावरचा उपाय नव्हे. शिक्षकांनी वर्गात अशा चित्रपटांची चर्चा टाळू नये. उलट विद्यार्थ्यांना विचारावे की, या कथेत मजुरी कोण ठरवितो, कर्ज कोण देतो आणि ही माणसे पडद्यावर का दिसत नाहीत? हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर तोच चित्रपट त्यांना वेगळा दिसेल आणि कदाचित आपले गावही.