अडीचशेच्या पलीकडे

30 सप्टेंबर 2023. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतला टेनिसच्या मिश्र दुहेरीचा अंतिम सामना. रोहन बोपण्णा आणि ऋतुजा भोसले पहिला सेट 2-6 असा हरले होते. समोर चायनीज तैपेईचे लियांग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ. दुसरा सेट भारतीय जोडीने 6-3 असा घेतला आणि सुपर टायब्रेक 10-4 असा जिंकला. बोपण्णा तेव्हा 43 वर्षांचा, दुहेरीतलं जगभर माहीत असलेलं नाव. ऋतुजा 27 वर्षांची, श्रीरामपूरची. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत ती त्या दिवशी तीनशेच्याही पलीकडे होती, आणि सुवर्णपदक गळ्यात पडल्यावरही तिच्या खात्यात क्रमवारीचा एकही गुण जमा झाला नाही. आशियाई स्पर्धेला गुण नसतात आणि बक्षिसाची रक्कमही नसते. पदकाचं कौतुक ओसरलं की खेळाडू पुन्हा कुठल्या तरी छोट्या गावातल्या छोट्या स्पर्धेत पहिली फेरी खेळायला उभी राहते. हा लेख त्या पहिल्या फेरीबद्दल आहे.

टेनिस म्हटलं की आपल्याला विम्बल्डन आठवतं. तिथे महिला एकेरीच्या ड्रॉमध्ये 128 जणी असतात. त्यातल्या 104 थेट क्रमवारीवरून येतात, 16 क्वालिफाइंग जिंकून, आणि उरलेल्या आठ जागा वाइल्ड कार्डच्या. क्वालिफाइंगचं दार साधारण 230 च्या आसपास बंद होतं. त्यापुढच्या शेकडो व्यावसायिक खेळाडू आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, स्पर्धांवर जगतात. सर्वांत खालच्या पायरीला डब्ल्यू 15 म्हणतात. एकूण बक्षीस 15 हजार डॉलर. 32 जणींचा ड्रॉ आणि विजेतेपदासाठी पाच सामने. विजेतीला साधारण 2300 डॉलर मिळतात, पहिल्या फेरीत हरणारीला दीडशे डॉलरच्या आसपास, त्यातून पुन्हा कर कापला जातो. दुहेरीच्या विजेत्या जोडीला दोघींत मिळून पुरते हजार डॉलरही मिळत नाहीत.

गुणांचा हिशेब त्याहून कठोर आहे. डब्ल्यू 15 स्पर्धा जिंकणारीला 15 गुण. ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये पहिलाच सामना हरणारीला 10 गुण, आणि 2024 च्या विम्बल्डनमध्ये त्या पराभवाचे 60 हजार पौंड. ट्युनिशियातल्या मोनास्टिरला आठवडाभर पाच सामने जिंकून जे गुण मिळतात, त्यातले दोन-तृतीयांश वरच्या मजल्यावर एक सामना हरूनही मिळतात. शिवाय हे गुण वर्षभरच टिकतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात मिळवलेले गुण या आठवड्यात गळून पडतात. गुडघा दुखावला, खांदा धरला, चार महिने घरी बसावं लागलं, की गेल्या वर्षीच्या त्या चार महिन्यांची कमाई हातातून जाते.

आयटीएफनेच 2014 मध्ये आपल्या छोट्या स्पर्धांचा अभ्यास केला होता. विमान, हॉटेल, जेवण, रॅकेटचं गटिंग असा वर्षभर फिरण्याचा महिला खेळाडूचा सरासरी खर्च त्यांनी 40,180 डॉलर काढला. तेव्हाच्या दराने ही रक्कम 23-24 लाख रुपयांच्या घरात जाते, आणि यात प्रशिक्षकाचा पैसाही धरलेला नाही. खर्च आणि बक्षीस यांची तोंडमिळवणी होते तो क्रमांक महिलांसाठी 253 निघाला, पुरुषांसाठी 336. म्हणजे अडीचशेच्या पलीकडची बाई खेळून कमावत नाही, पदरचे पैसे घालून खेळते. पुरुषांपेक्षा ही रेषा तिच्यासाठी 83 पायऱ्या वर आहे, ही गोष्ट मला त्या अहवालातली सर्वांत बोलकी वाटते.

आता बार्शीकडे येऊ. सोलापूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव, भगवंताच्या देवळासाठी आणि बाजारपेठेसाठी ओळखलं जाणारं. 18 जून 1994 ला जन्मलेली प्रार्थना ठोंबरे इथली. मोठ्या शहरातल्या जिमखान्यात वाढलेली ही मुलगी नव्हे. पुढे ती हैदराबादला सानिया मिर्झाच्या अकादमीत गेली, आणि 2014 च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सानियाच्याच जोडीने तिने महिला दुहेरीत कांस्यपदक मिळवलं. उपांत्य सामन्यात समोर चायनीज तैपेईच्या श्ये सु-वेई आणि चान चिन-वेई होत्या. भारतीय जोडीने पहिला सेट टायब्रेकवर घेतला, पण सामना सुपर टायब्रेकमध्ये गेला.

दोन वर्षांनी रिओ ऑलिम्पिक. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिली. दुहेरीच्या पहिल्या दहांतल्या खेळाडूला आपली जोडीदार सोबत नेता येते, या नियमामुळे दोनशेच्या आसपास असलेली प्रार्थना ऑलिम्पिकच्या कोर्टवर उतरली. 6 ऑगस्ट 2016 ला समोर चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई. पेंग स्वतः काही काळ दुहेरीत जगात पहिली राहिलेली. सामना पावणेतीन तास चालला. 6-7, 7-5, 5-7. बार्शीच्या मुलीचं ऑलिम्पिक पहिल्याच फेरीत संपलं, एवढंच निकालपत्रक सांगतं. नियमाने मिळालेली जागा तिने तिसऱ्या सेटच्या बाराव्या गेमपर्यंत लढवली, हे त्याच पत्रकातल्या आकड्यांत आहे, फक्त ते सावकाश वाचावे लागतात.

प्रार्थनाची कारकीर्द दुहेरीची आहे, आणि दुहेरी हे टेनिसमधलं वेगळं कसब आहे. एकेरीत ताकदवान सर्व्ह आणि बेसलाइनवरचा फटका बरंच काही झाकून नेतो. दुहेरीत नेटवर उभ्या असलेल्या खेळाडूचे हात पाहावेत. सर्व्ह होण्याआधी ती पाठीमागे हात नेऊन जोडीदाराला खूण करते. मूठ असेल तर मी जागेवर थांबते, पंजा उघडा असेल तर मी पलीकडे झेपावते. कुठल्या खुणेचा अर्थ काय, हे प्रत्येक जोडी आपसात ठरवते. सर्व्ह पडते, समोरची फटका मारण्यासाठी चेंडूवर नजर रोवते, आणि नेमक्या त्या क्षणी नेटवरची सरकते. अर्धा क्षण आधी सरकली तर मोकळ्या झालेल्या गल्लीतून चेंडू निघून जातो, उशीर झाला तर रॅकेट पोचत नाही. ही वेळ साधायला वर्षं लागतात, म्हणूनच दुहेरीच्या खेळाडू तिशीत पिकतात. प्रार्थना तिशीच्या आसपास आली तेव्हा दुहेरीच्या क्रमवारीत दीडशेच्या आत पोचली. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात झालेल्या डब्ल्यूटीए 125 स्पर्धेत नेदरलँड्सच्या अरियान हार्तोनोबरोबर तिने अंतिम फेरी गाठली. तिथे डालिला याकुपोविच आणि सब्रिना सांतामारिया यांनी त्यांना 6-4, 6-3 असं हरवलं.

मुंबईच्या याच स्पर्धेचा इतिहास सांगण्याजोगा आहे. 2017 मध्ये तिथे एकेरीचं विजेतेपद बेलारूसच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीने जिंकलं. तिचं नाव आर्यना सबालेंका. पुढे ती जगात पहिली झाली. मुंबईत ज्यांनी तिचा खेळ पाहिला, त्यांनी अशा काळात पाहिला जेव्हा तिलाही छोट्या स्पर्धांची गरज होती. खालच्या पायऱ्यांवरच्या सगळ्याच सबालेंका होत नाहीत, पण प्रत्येक सबालेंकाला या पायऱ्या चढाव्या लागतात.

आणि या पायऱ्या घरापासून किती लांब आहेत यावर फार काही अवलंबून असतं. ऋतुजाच्या जन्माच्या आठ दिवस आधी, 19 मार्च 1996 ला, ऑस्ट्रियातल्या स्टायर गावी बार्बरा हास जन्मली. तीही मोठी तारका नव्हे. एकेरीत दीडशेच्या आत पोचलेली, मुख्यतः छोट्या स्पर्धांवर वाढलेली खेळाडू. पण स्टायरपासून तासाभराच्या आत लिंझ आहे, आणि लिंझमध्ये दरवर्षी महिलांची डब्ल्यूटीए स्पर्धा भरते, जिथे यजमान देशाच्या मुलींना वाइल्ड कार्ड मिळतं. स्लोव्हेनिया, हंगेरी, चेकिया, जर्मनी, इटली हे देश सीमेला लागून आहेत. पहिल्या फेरीत हरलेली ऑस्ट्रियन मुलगी त्याच संध्याकाळी गाडीत बसून पुढच्या स्पर्धेला जाऊ शकते. आपली मुलगी हरली तर पुढच्या देशाचा व्हिसा, विमानाचं बदललेलं तिकीट आणि आणखी एका आठवड्याचं हॉटेल. ऑस्ट्रियाची लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास, मुंबईहूनही कमी. तरी त्या देशाने बार्बरा शेट आणि बार्बरा पाउलुस अशा दोघी पहिल्या दहांत धाडल्या. मला यात रक्ताचा किंवा उंचीचा भाग कमी आणि नकाशाचा भाग जास्त दिसतो.

ऋतुजाने हा अडसर वेगळ्या वाटेने ओलांडला. ती अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली. विद्यापीठाच्या वाटेवर शिक्षण, कोर्ट, प्रशिक्षक आणि नियमित सामने एका जागी मिळतात. किंमत अशी की ज्या वयात इतर मुली क्रमवारीत गुण गोळा करत असतात, ती वर्षं तिकडे जातात. तरीही मध्यमवर्गीय घरातल्या मुलीसाठी ही वाट आज सर्वांत शहाणपणाची आहे, असं माझं मत आहे. उलटी वाट अंकिता रैनाची. अहमदाबादेत जन्मलेली ही मुलगी 2007 मध्ये पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकायला आली आणि पुणेकर झाली. 2018 मध्ये जकार्ताला आशियाई कांस्य, मार्च 2020 मध्ये एकेरीत 160 वं स्थान, 2021 मध्ये मेलबर्नला कमिला राखिमोवाबरोबर डब्ल्यूटीए दुहेरीचं विजेतेपद. 160 हा आकडा भारतात थोर आहे, आणि तरीही तो ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉच्या बाहेरचा आहे.

आम्हा कोकणातल्या लोकांना टेनिस परकं वाटतं. खो-खो, कबड्डी, कॅरम हे आपले खेळ. पण विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव हिचं आजोळ कोकणातलं होतं. तिची आई पंडिता क्षमा राव, संस्कृतात कथा आणि काव्य लिहिणारी विदुषी, स्वतःही टेनिस खेळणारी. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित, वेदांचे आणि प्राकृताचे मोठे अभ्यासक, मूळचे सावंतवाडी संस्थानातल्या बांबुळीचे. 1934 मध्ये लीलाने विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत इंग्लंडच्या ल्युसी रिडलीला हरवलं, दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इदा आदामॉफकडून ती हरली. तो काळ हौशी टेनिसचा होता. खेळायला घरात पैसा आणि मोकळीक दोन्ही लागत, आणि लीलाच्या घरात दोन्ही होती. नव्वद वर्षांनंतर बार्शी आणि श्रीरामपूरच्या मुली व्यावसायिक म्हणून खेळतात, हा बदल मोठा आहे. पैसा मात्र अजूनही बहुतेक घरातूनच येतो.

इथे रत्नागिरीत टेनिसची अडचण सरळ आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे उघड्या कोर्टवर जून ते सप्टेंबर खेळ बंद. वर्षाचा तिसरा हिस्सा गेला. खेळाची ओढ लागलेल्या मुलीला स्पर्धेसाठी आंबा घाट चढून कोल्हापूर, पुढे पुणे. मुलीबरोबर आई किंवा वडील हवेतच, म्हणजे एकाची रजा आणि दोघांचा खर्च. दहा-अकराव्या वर्षी सुरू झालेला हा प्रवास सोळाव्या वर्षापर्यंत किती घरं रेटू शकतील? छप्पर असलेलं एक कोर्ट आणि महिन्याला एक जिल्हा पातळीवरची स्पर्धा, एवढ्याने बरंच साधेल. खो-खोत रत्नागिरीच्या मुली महाराष्ट्राच्या संघात गेल्या, त्यामागे शाळांची मैदानं आणि गावोगावचे सामने होते.

खालच्या पायऱ्यांवर आणखी एक ओझं आहे, ज्याची चर्चा कमी होते. डब्ल्यू 15 चे सामनेही जगभर सट्ट्यावर लागतात. 2018 च्या स्वतंत्र चौकशी अहवालाने खालच्या पातळीवरच्या सट्टेबाजीचं आणि सामनानिश्चितीचं संकट स्पष्ट मांडलं. सामना गेला की सट्टा हरलेली माणसं खेळाडूच्या फोनवर शिव्या आणि धमक्या पाठवतात. 2024 या एका वर्षात 458 टेनिस खेळाडूंना असे सुमारे 8000 संदेश आले आणि त्यांतले 40 टक्के चिडलेल्या सट्टेबाजांचे होते. दीडशे डॉलरसाठी खेळलेल्या मुलीने हेही सोसायचं, हे मला अक्षम्य वाटतं.

तरीही त्या खेळत राहतात आणि कधीतरी देशाला त्यांचीच गरज पडते. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग करंडकाची आशिया-ओशिआनिया गटाची स्पर्धा झाली. श्रीवल्ली भमिदिपातीने एकेरीचे पाचही सामने जिंकले, आणि दुहेरीत अंकिता-प्रार्थनाची अनुभवी जोडी संघाकडे होती. भारत न्यूझीलंडच्या मागोमाग दुसरा आला आणि प्ले-ऑफला पोचला. त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्याच्या वैष्णवी आडकरने जर्मनीत झालेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य मिळवलं. या स्पर्धेत टेनिसचं पदक घेणारी ती पहिली भारतीय स्त्री. भारताचं त्याआधीचं पदक 1979 मध्ये नंदन बाळ यांचं, तेही महाराष्ट्रातलेच.

सोलापूरला, पुण्याला, नवी मुंबईला आयटीएफच्या महिलांच्या स्पर्धा भरल्या आहेत. अशा एका स्पर्धेमुळे इथल्या मुलीचं परदेशाचं तिकीट आणि हॉटेल वाचतं, आणि वाइल्ड कार्डवर कुणाला तरी पहिला गुण मिळतो. माझ्या मते पदकानंतरच्या सत्कारापेक्षा आणि जाहीर झालेल्या रकमेपेक्षा अशा चार स्पर्धा खेळाडूच्या जास्त कामी येतात. रत्नागिरीतल्या उद्योगांनी, बँकांनी आणि क्रीडा खात्याने मनावर घेतलं तर नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत इथेही मुलींच्या राज्य पातळीवरच्या स्पर्धेने सुरुवात करता येईल. आणि वाचकांना विनंती अशी, की पुण्या-मुंबईला गेलात आणि अशी स्पर्धा चालू असेल, तर क्वालिफाइंगच्या दिवशी जा. बाजूच्या कोर्टवर, जिथे चेंडू उचलायलाही मुलं नसतात आणि खेळाडू स्वतःच कोपऱ्यातला चेंडू आणायला जाते, तिथे तासभर बसा आणि चांगल्या फटक्याला टाळी द्या.